आठ वाजले की आवाज डावीकडे जातो

आमच्या घरी रात्री दहानंतर मोठ्याने काही लावायची सोय नाही. गोरेगावचं वन बीएचके. हॉलमध्ये सासूबाई झोपतात, आतल्या खोलीत मुलगी बारावीचा अभ्यास करते, आणि भिंती इतक्या पातळ की शेजारच्यांच्या मिक्सरची वेळ आम्हाला पाठ आहे. मला गाणं ऐकायला मिळतं ते साडेदहा ते बारा, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, स्टुलावर बसून.

ऐकायचं असतं ते बाबांचं. म्हणजे बाबा गात नव्हते. ते रेडिओवरून टेप करायचे. बहात्तर कॅसेट. लॉकडाऊनमध्ये मी त्या एकेक करून ऑडॅसिटीमध्ये (लॅपटॉपवर आवाज टिपायचं सॉफ्टवेअर) उतरवल्या. सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला एकच आवाज. हे मोनो प्रकरण पुढे फार कामाला आलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मे २०२४ मध्ये दादा परदेशातून आला आणि त्याने सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन हातात ठेवला, सोबत त्याच्याकडचा जुना डॅक. (डॅक म्हणजे लॅपटॉपमधले आकडे घेऊन त्यांचा विजेतला सिग्नल करणारी डबी.) "याला अॅम्प लागेल हं," एवढं बोलून तो पुण्याला गेला. (अॅम्प म्हणजे अॅम्प्लिफायर, सिग्नल वाढवून हेडफोनला देणारं यंत्र.) हेडफोन ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप). जिथे वाचावं तिथे एकच मंत्र: ३०० ओहम म्हणजे ताकद हवी, जास्त ताकद हवी. मग मी भारतातच मिळणाऱ्यांपैकी ताकदीच्या आकड्याने सगळ्यात दांडगा अॅम्प निवडला. ३२ ओहमला १५०० मिलीवॉट. किंमत १४,९९०. ९ जूनला ऑर्डर दिली, १३ जूनला बॉक्स आला. परतीची मुदत दहा दिवस, तीही "फक्त बदली". हे मी बॉक्स आल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

पहिला आठवडा मजेत गेला. खोड एकच होती, नॉब जेमतेम हलवायचा. नॉबची जागा सगळे घड्याळाच्या भाषेत सांगतात. सातला बंद, बाराला मध्य, पाचला पूर्ण. माझं रात्रीचं ऐकणं आठच्या आसपासच उरकायचं. नऊच्या पुढे गेलं की मोठं, दहाला सहन होईना. मला वाटलं, वा, काय ताकद आहे! मारुती घेऊन ट्रक मिळाल्यासारखं.

२० जूनच्या रात्री बिहाग लावला होता. विलंबित, आवाज अगदी हळू ठेवलेला. गायक डोक्याच्या मध्यभागी बसून गायला हवा, तो डाव्या कानाशी सरकून बसला होता. आवाज वाढवला की मध्ये यायचा, कमी केला की पुन्हा डावीकडे. उजव्या कानात नुसती तंबोऱ्याची सावली.

मला यंत्राचा संशय आला नाही, उजव्या कानाचा आला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा विचार एकदा आला की निघत नाही. दोन रात्री मी फोन आलटून-पालटून कानांना लावून बघत होते आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येत होतं. घरात कुणाला बोलले नाही. २५ जूनला, मंगळवारी, अर्धी रजा टाकून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणी ८००, ऑडिओमेट्री ६००. त्या बंद खोलीत बटण घेऊन बसायचं आणि बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मध्येच आपल्याला खरंच ऐकू आलं की आठवलं, तेच कळेनासं होतं. दोन्ही कान सारखे निघाले, १५ डेसिबलच्या आसपास, म्हणजे उत्तम. थोडा मळ होता, तो काढला.

रिपोर्ट छापता छापता तिथल्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने सहज विचारलं, "मॅडम, हेडफोन उलटा घालून बघितला का?"

नाही. बघितला नव्हता. १,४०० रुपये त्या एका वाक्याचे झाले, पण वाईट वाटलं नाही.

त्या रात्री मी हेडफोन उलटा घातला. गायक उजवीकडे गेला. म्हणजे कान सुटला. एचडी ६५०ची वायर दोन्ही बाजूंनी कपातून निघते. ती डावी-उजवी अदलाबदल करून लावली आणि हेडफोन सरळ घातला. गायक पुन्हा उजवीकडे. म्हणजे हेडफोनही सुटला. त्याचाच दोष असता तर वायर बदलून आवाजाने बाजू बदलली नसती. वायर पूर्ववत केली आणि डॅकमधून अॅम्पमध्ये येणाऱ्या लाल-पांढऱ्या पिना उलट्या लावल्या. गायक डावीकडेच. म्हणजे डॅक आणि कॅसेट दोन्ही सुटल्या. उरला अॅम्प, आणि अॅम्पमध्येही फक्त नॉबची सुरुवात, कारण बाराच्या पुढे सगळं सरळ होतं. हा उद्योग वीस मिनिटांचा आहे. रजा टाकायच्या आधी करा.

बदलीची मुदत २३ जूनला संपली होती. वॉरंटी वर्षाची होती. ईमेल केला. उत्तरात बिलाची प्रत, अॅम्पच्या पोटाखालचा सिरियल नंबर आणि "दोष दाखवणारा व्हिडिओ" मागितला. मला ऐकू येणारी गोष्ट व्हिडिओत कशी दाखवायची? मी नॉबचा आणि माझ्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढला. नवऱ्याने तो पाहून सांगितलं की यात तू फक्त रागावलेली दिसतेस. तरीही पाठवला. ८ जुलैला पार्सल न्यायला माणूस येणार होता, आणि त्या दिवशी मुंबईत पाऊस असा कोसळला की लोकल ठप्प झाल्या, येणार कोण? १२ तारखेला नेला. २७ जुलैला अॅम्प परत आला, सोबत चिठ्ठी: दोष आढळला नाही.

ते पंधरा दिवस माझ्याकडे अॅम्प नव्हता आणि डोकं रिकामं होतं. तेव्हा मी वाचलं. आधी वाचायला हवं होतं ते सगळं.

पहिली गोष्ट मला चर्चगेटच्या गाडीत, मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर कळली. एचडी ६५० एक व्होल्टला १०३ डेसिबल देतो. गाण्यातली अगदी कडक टीप ११० डेसिबलची धरली तर आणखी सात डेसिबल हवेत, म्हणजे सव्वादोन व्होल्ट. सव्वादोनचा वर्ग भागिले ३०० ओहम: साधारण १७ मिलीवॉट. सतरा! मी पंधराशेचा अॅम्प घेतला होता. आणि ११० डेसिबल मला कधीच नको असतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्या माणसांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास असा आहे, आणि माझी रात्र पासष्टच्या आसपास असते. ३०० ओहमला ताकद लागते हे खोटं नाही, पण खरं म्हणजे त्याला व्होल्ट लागतात, आणि तेही मोजकेच. खोक्यावरचे मिलीवॉट मला काहीच सांगत नव्हते.

दुसरी गोष्ट गेनची. माझा डॅक पूर्ण आवाजाला दोन व्होल्ट देतो. अॅम्प आत आलेल्या सिग्नलला ठरावीक पटीने वाढवतो, तो पट म्हणजे गेन. माझ्या अॅम्पचा पट खोक्यावर नव्हता, माहितीपत्रकात नव्हता, ईमेलने दोनदा विचारल्यावर कळला: पाच. दोन पंचे दहा व्होल्ट. दहा व्होल्टला माझा हेडफोन १२३ डेसिबल ओरडला असता. मग नॉब काय करतो? आवाज वाढवत नाही. वाढीव आवाज अडवतो. आमच्या इमारतीत सकाळी सहाला पाणी येतं तेव्हा प्रेशर इतकं असतं की नळ केसभर फिरवला तरी बादलीबाहेर शिंतोडे उडतात, आणि संध्याकाळी टाकीचं पाणी असलं की तोच नळ पूर्ण उघडावा लागतो. नळ तोच. मी नॉब आठला ठेवून समजत होते की ही अॅम्पची ताकद. ते नुसतं सकाळचं प्रेशर होतं.

तिसरी गोष्ट, गायक डावीकडे का जातो. नॉबच्या पोटात जो पोटेन्शियोमीटर असतो (दुकानदार नुसतं पॉट म्हणतात) तो एका दांड्यावर बसवलेल्या दोन पट्ट्यांचा असतो. एक डाव्या कानाची, एक उजव्या. कार्बनच्या पट्टीवरून एक पाय सरकतो आणि जितका सिग्नल खाली सोडायचा तितका सोडतो. आता आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे व्होल्ट तिप्पटीहून थोडे जास्त. नॉब सरळ प्रमाणात व्होल्ट वाढवत गेला, तर आवाज सुरुवातीलाच उसळेल आणि पुढे वाढल्यासारखाच वाटणार नाही. म्हणून आवाजासाठी 'लॉग' पॉट वापरतात. नॉब मध्यावर आला तरी त्यातून व्होल्टचा दहा ते पंधरा टक्केच भाग पुढे जातो. लिनियर पॉट असता तर निम्मा गेला असता.

पण ही वळणदार चाल बहुतेक पॉटमध्ये खरी वळणदार नसते. वेगवेगळ्या रोधाच्या दोन-तीन सरळ पट्ट्या एकापुढे एक छापून ती जमवलेली असते. सुरुवातीच्या भागात सोडायचा सिग्नल शंभरातला एखादा हिस्सा. तिथे डाव्या पट्टीची छपाई उजवीपेक्षा किंचित वेगळी पडली की फरक थेट पटीत दिसतो. मध्यावर तोच फरक कुठल्या कुठे विरतो. म्हणून आठला गायक सरकतो आणि बाराला सरळ बसतो. कंपनीची चिठ्ठी एका अर्थाने खरी होती: माझा नग बिघडला नव्हता, पॉटची जातच तशी. पण मग घरात वापरायच्या वस्तूचा पट पाच ठेवायचा, लो गेनचा स्विच द्यायचा नाही, आणि गिऱ्हाईकाला नॉबच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यात राहायला लावायचं, याला काय म्हणायचं? माझा राग तिथे आहे, पॉटवर नाही.

याच दिवसांत ओ-टू नावाच्या अॅम्पबद्दल वाचलं. २०११ मध्ये एका अभियंत्याने टोपणनावाने त्याचा पूर्ण आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. पुढच्याच वर्षी तो लिहायचा थांबला आणि कोण होता ते कुणाला कळलं नाही. त्याने पॉट नेहमीसारखा दारात न ठेवता गेनच्या टप्प्यानंतर ठेवला. फायदा असा की आवाज कमी केला की गेनच्या टप्प्याची सळसळही सोबत कमी होते. तोटा असा की आत येणारा सिग्नल जास्त असेल तर तो टप्पा आधीच फाटतो, आणि नॉब कितीही खाली आणला तरी फाटलेलं फाटलेलंच. त्याचे मूळचे दोन पट अडीच आणि साडेसहा. दोन व्होल्टच्या डॅकला साडेसहा लावले की तेरा व्होल्ट, आणि तेवढी त्याची झेप नाही. तिथेही बोट पुन्हा गेनवरच येतं. मला हे वाचून बरं वाटलं, की माझ्याहून शहाणी माणसं याच एका आकड्याशी झगडली आहेत.

आता मोजायचं ठरवलं. बँकेत नोकरी असल्याने मला दुसरा-चौथा शनिवार सुट्टी. १० ऑगस्टला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात सगळ्यांच्या लॅमिंग्टनच. (रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारीच जा, अकरानंतर.) मल्टिमीटर घेताना एक बघा. स्वस्तातल्या बऱ्याच मीटरवर एसी व्होल्टची सगळ्यात खालची पायरी २०० व्होल्ट असते. त्यावर आपले मिलीव्होल्ट शून्यच दिसतात. एसी मिलीव्होल्ट लिहिलेला मीटर हवा. मला १,६५० ला मिळाला. सोबत हेडफोनची मोठी स्टिरिओ पिन आणि तिला जोडलेल्या तीन सुट्या वायरी.

त्याच दुकानात मी विचारलं, हा पॉट बदलून चांगला टाकता येईल का, दोन्ही बाजू अगदी मॅच असलेला?

काउंटरवरचे काका हसले. "मॅडम, लॉग में मॅचिंग? एक ही माँ के दो लड़के, चाल एक जैसी होती है क्या?" मग त्यांनीच समजावलं की आल्प्स कंपनीचा निळा पॉट मिळतो, तो पुष्कळ बरा, पण मापात बसेल का ते बघावं लागेल, आणि अगदी तळाशी तोही थोडा हलेलच. "आप नीचे क्यों सुनते हो? सिग्नल कम करो ना." हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं.

घरी ऑडॅसिटीत १०० हर्ट्झचा मोनो टोन बनवला, उंची ०.१, म्हणजे पूर्णपासून २० डेसिबल खाली. माझ्या कॅसेटींचं सरासरी गाणं साधारण तिथेच असतं. सूर इतका खालचा अशासाठी, की साध्या मीटरला वरचे स्वर नीट मोजता येत नाहीत. हेडफोन काढून पिन लावली आणि दोन्ही बाजू मोजल्या. मीटरच्या दोन सुया चुकून एकमेकींना किंवा शेजारच्या वायरला टेकू देऊ नका, अॅम्पला शॉर्ट आवडत नाही.

नॉब आठला: डावा १२.६ मिलीव्होल्ट, उजवा ८.४. साडेतीन डेसिबलचा फरक. नऊला ३१ आणि २७, एक डेसिबलच्या थोडा वर. बाराला १४८ आणि १४५. हा फरक माझ्या कानाला कळत नाही. सगळ्यात आनंद कशाचा झाला असेल तर त्या ८.४ चा. दोन महिने जे फक्त मला ऐकू येत होतं ते आकड्यात आलं.

आकडे, फोटो आणि बिल जोडून १३ ऑगस्टला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. १९१५ वर फोन लागतो, पोर्टलवरूनही होते. मी पोर्टलवरून केली, कारण फोनवर 'साडेतीन डेसिबल' समजावण्याची ताकद उरली नव्हती. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, आला. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे दाखल करायची फी लागत नाही आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. मी तक्रारीत शब्द जपून वापरले. "खराब माल" लिहिलं नाही. "घरगुती आवाजाला दोन बाजूंत ३.५ डेसिबल फरक, गेनची माहिती विक्रीच्या वेळी दिली नाही" असं लिहिलं. आमच्या बँकेत येणाऱ्या तक्रारी वाचून एवढं शिकले आहे की विशेषण कमी आणि आकडा जास्त असलेला कागद लवकर हलतो.

हललाच असं नाही. ऑगस्ट गेला. ७ सप्टेंबरला गणपती बसले, आणि पुढचे दिवस गल्लीच्या टोकाला डीजे आणि मी स्वयंपाकघरात आठ मिलीव्होल्टचा विचार करत बसलेली. तेव्हा एक फुकटचा उपाय केला. अॅम्पचा नॉब बाराला नेऊन लॅपटॉपचा आवाज २० डेसिबल खाली आणला. याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत: डिजिटल आवाज कमी केला की बिट जातात. एक बिट म्हणजे सुमारे सहा डेसिबल हे खरं. पण डॅकला २४ बिट पाठवले तर १६ बिटांच्या फाइलखाली आठ बिट, म्हणजे ४८ डेसिबल जागा मोकळी असते. वीस कमी केले तर कॅसेटचं काय जाणार? तिच्या स्वतःच्या सळसळीखाली सगळं झाकलेलं आहे. गायक मध्ये बसला. मला तो उपाय पटला होता.

पंधरा दिवसांनी एका रात्री लॅपटॉपने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि आवाज परत शंभरावर नेऊन ठेवला. मला पत्ता नाही. हेडफोन घातला, प्ले दाबलं. कानात फटाका फुटावा तसं झालं. हेडफोन भिरकावला तो पिठाच्या डब्यावर. वीस डेसिबल म्हणजे दहा पट व्होल्ट. सासूबाई जाग्या झाल्या. लॅपटॉपचा आवाज कमी ठेवून चालवणार असाल तर प्ले दाबायच्या आधी नॉब खाली आणायची सवय हाडात भिनवा, किंवा माझ्यासारखं पुढचं करा.

त्या आधी एक फेरी झाली होती ती सांगते. २१ सप्टेंबरला काम लवकर उरकून फोर्टमधल्या एका डेमो खोलीत गेले होते, रिले असलेला अॅम्प बघायला. त्यात नॉब फक्त हुकूम देतो. आत छोटे रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे स्विच, मोजून ठेवलेले रेझिस्टर (रोध देणारे सुटे भाग) जोडतात-सोडतात, एकेक डेसिबलच्या पायरीने. फिरवताना टकटक ऐकू येतं, जुन्या लिफ्टच्या पॅनलसारखं. तळाशी गायक मध्यातून केसभर हलला नाही. काही अॅम्पमध्ये हेच काम एक चिप करते, तिथे टकटकही नसते. काहींत गोल स्विच असतो, प्रत्येक घराला वेगळे रेझिस्टर. पण पायऱ्या मोठ्या असल्या तर एक घर कमी आणि पुढचं जास्त, असं होतं. रिलेवाला मला मनापासून आवडला. किंमत माझ्या अॅम्पच्या तिप्पट होती. पाणी पिऊन परत आले.

चर्नी रोडपासून पुढे उभ्याने येताना ते काका आठवले. सिग्नल कम करो ना.

२८ सप्टेंबर, चौथा शनिवार. पुन्हा लॅमिंग्टन. प्रत्येक बाजूला दोन रेझिस्टर लागतात: ९.१ किलोओहमचा सिग्नलच्या वाटेत, एक किलोओहमचा पुढून जमिनीला, म्हणजे ग्राउंडच्या तारेला. दहातला एक हिस्सा पुढे जातो, म्हणजे २० डेसिबल कमी, आणि अॅम्पच्या स्वतःच्या रोधाने आणखी किंचित. एक टक्का अचूकतेचे मेटल फिल्म घ्या, म्हणजे डावं-उजवं सारखं पडेल. नाहीतर ज्यासाठी एवढं केलं तेच परत. दहा-दहा नग घेतले आणि घरच्या मीटरने मोजून त्यातल्या त्यात जुळ्या जोड्या लावल्या, तीस मिनिटांचं काम. रेझिस्टर, चार सॉकेट, छोटी पत्र्याची डबी: २६० रुपये. सोल्डरिंग मला येत नाही. पुढच्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर एका पोटमाळ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे डबी नेली. त्याने १५० घेतले. डाव्या-उजव्याची जमीन नीट जोडली आहे ना हे मी तीनदा विचारल्यावर त्याने सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात द्यायचा प्रस्ताव ठेवला.

डबी डॅक आणि अॅम्पच्या मध्ये बसली. लॅपटॉप शंभरावर, नॉब बाराच्या जवळपास, आणि माझी रात्रीची पातळी तिथे बरोबर आली. आता नॉब चुकून पूर्ण फिरला तरी हेडफोन १०३ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. तेही मोठंच आहे, पण १२३ नाही. पुन्हा मीटर लावला: १२.९ आणि १२.६. त्या रात्री बिहागच लावला. त्याबद्दल फार लिहीत नाही.

आणि मग कंपनीचा फोन आला. अपवाद म्हणून परतावा मंजूर, पैसे पूर्ण, पिकअप कधी पाठवू? मी स्टुलावर बसले होते, समोर अॅम्प, मध्ये डबी. दोन मिनिटं विचार केला आणि म्हटलं, "नको आता. राहू दे."

"मॅडम, कंप्लेंट तुम्हीच केली होती ना?"

हो, मीच. डॉकेट बंद करायला मला लिहून द्यावं लागलं की तक्रारदार समाधानी आहे. 'समाधानी' हा शब्द काही मला लिहवेना; "तक्रार मागे घेत आहे" असं लिहिलं, आणि पुढे एक ओळ जोडली, की उत्पादनाच्या पानावर गेनचा आकडा छापावा. छापला का ते बघितलं, अजून नाही.

नव्याने घ्यायचा असता तर? दादाच्या मुलीने हाच प्रश्न विचारला, तिच्याकडे कानात खुपसायचे १६ ओहमचे इअरफोन आहेत, एक मिलीवॉटला ११० डेसिबलवाले. त्यांना रात्रीच्या आवाजाला एक मिलीव्होल्टही पुरतो. तिला माझा अॅम्प दिला असता तर नॉब साडेसातच्या वर गेलाच नसता आणि रिकाम्या वेळात सळसळ ऐकू आली असती. तिला मी तीनच गोष्टी विचारायला लावल्या: लो गेन किती पट आहे (एक किंवा त्याखाली हवा), आउटपुटचा रोध किती (तिच्या १६ ओहमला दोनच्या आत, आठव्या हिश्श्याचा जुना हिशेब), आणि नॉबमागे पॉट आहे, रिले आहे की चिप. मिलीवॉट विचारूच नकोस म्हटलं. आणि दुकानात जाताना एखादं मोनो गाणं घेऊन जा, अगदी हळू लाव, डोळे मिट आणि गायक कुठे बसलाय ते बघ. तिने छोटासा, माझ्या निम्म्या किमतीचा घेतला. तो बरा आहे. माझ्यापेक्षा बरा, खरं सांगायचं तर.

माझा एकूण हिशेब: अॅम्प १४,९९०, कानाचे १,४००, मीटर १,६५०, डबी आणि मजुरी मिळून ४१०, दीड दिवसाची रजा. नॉबवर बाराच्या जागी मी मरून टिकली चिकटवली आहे. सासूबाईंच्या मते यंत्राचं लग्न झालं.

हे लिहितेय जुलै २०२५ मध्ये. गेले आठ दिवस हवेत पाणी आहे आणि नॉब फिरवताना डावीकडे खरखर यायला लागली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणून ठेवलाय. झाकण उघडलं की वॉरंटी जाते म्हणतात, पण ती गेल्याच महिन्यात संपली.